तिजोरीतलं पितळ

१

बँकेच्या तिजोरीत पितळ निघालं ही बातमी थोरलीला दूधवाल्याकडून कळली, आणि तिचा अर्धा राग त्याचाच होता. एवढी वाईट बातमी सांगायला माणूस तरी जरा बरोबरीचं यायला हवं होतं.

"काय बरळतोस सकाळी सकाळी?"

"आईशप्पथ, थोरल्या बाई. गहाण सोन्याच्या पुड्या तपासायला फोडल्या, तर सहा-सात पुड्यांत निव्वळ पितळ. बँकेपुढे रांग लागलीय, जो तो आपले पैसे काढायला धावतोय. आणि..." दूधवाला मापात डोकावून बोलला, "लोक साहेबांचं नाव घेतायत."

साहेब म्हणजे थोरलीचा नवरा. झोपेतच गेले, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्यांनी ती बँक काढली तेव्हा बँकेला टेबल होतं, पण खुर्ची शेजारच्या न्हाव्याची होती. न्हाव्याकडे गिऱ्हाईक आलं की खुर्ची परत जायची आणि मॅनेजर, म्हणजे साहेबच, उभ्यानं कर्ज मंजूर करायचे. पुढं बँक मोठी झाली, पण ह्या माणसाची उभं राहायची खोड गेली नाही. पुराच्या साली लोकांच्या भिजलेल्या नोटा ह्यांनी इस्त्री फिरवून वाळवल्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे पैसे घरी नेऊन दिले. कुणाकडे रडण्याचा आवाज आला की नातेवाइकांच्या आधी साहेबांच्या चपला दारात दिसायच्या.

आणि त्या चपला तरी कसल्या! दहा ठिकाणी टाके घातलेल्या. "गावाला साखर वाटतात आणि घरी मिठाला महाग," असं थोरली जन्मभर त्यांना तोंडावर ऐकवत आली. पण ते तिनं म्हणायचं. दुसऱ्या कुणी साहेबांना नावं ठेवली, तर त्याची सात पिढ्यांची उणीदुणी तिला तोंडपाठ होती.

"आई, रिक्षा बोलावू?" सुनेनं विचारलं.

"माझे पाय काय भाड्यानं दिलेत? चल."

बँकेत साहेबांच्या खोलीत वरच्या ऑफिसातून आलेली तपासणीस बसली होती. कोवळं पोर, पण नजर सुईसारखी.

"या आजी, बसा."

"आजी तुझ्या घरची. मला थोरल्या बाई म्हणतात."

पोरगी हसली नाही, चिडलीही नाही. तिनं टेबलावरची एक पुडी पुढं सरकवली. गहाण सोनं कागदात गुंडाळायचं, वरून कापडाची चिंधी बांधायची आणि गाठीवर लाखेची मोहोर मारायची, अशी त्या बँकेची पद्धत होती. "हिची लाख मी माझ्या हातानं फोडली, साक्षीदारांसमोर. अगदी शाबूत होती. आत ह्या बांगड्या. सोन्याचं पाणी दिलेलं पितळ."

"मग?"

"उद्या दुपारी मला वर कळवावं लागेल. मग पोलीस येतील, आणि बँकेला टाळं लागेल. साहेबांच्या खासगी नावाचा एक पत्र्याचा डबाही आहे तिजोरीत. वारस म्हणून तो तुमच्यासमोर उघडायचाय. चांगला जड आहे."

"असणारच! माझे दागिने आहेत त्यात. माझ्या बापानं दिलेले."

खिडकीखालच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, कुंपणानंच शेत खाल्लं!"

थोरली उठली. "उद्या दुपारपर्यंत ना? तुझा चोर मी आणून देते. आणि तो माझ्याच घरातला निघाला, तर तक्रारीवर पहिली सही माझी. मोडकीतोडकी येते मला सही."

२

तिजोरीला किल्ल्या दोन. एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशिअरकडे. दोन्ही एकदम फिरवल्याशिवाय दार हलत नसे. म्हणजे साहेबांना चोर म्हणायचं तर कॅशिअरला भागीदार म्हणणं आलं, आणि कॅशिअरच्या घरावर नुकताच नवा मजला चढला होता.

थोरलीनं दारातूनच वर पाहिलं. "उंच झालं हो घर. पाया कुणाच्या पैशाचा?"

"काकू!" कॅशिअरच्या कपाळाला घाम फुटला. "पोरगा जहाजावर आहे. त्यानं पाठवलेत पैसे. त्याला फोन लावून देतो, विचारा."

"लाव."

सून ओशाळली, पण कॅशिअरनं खरंच फोन लावला, आणि पलीकडच्या पोरानं खिडक्यांपासून नळांपर्यंतचा खर्च कौतुकानं ऐकवला. थोरलीला तो पुरा ऐकावा लागला.

"बरं, हे राहू दे," ती म्हणाली. "तुमच्या नकळत तिजोरी उघडणं शक्य आहे?"

"नाही. मला वगळून साहेबांना नाही आणि साहेबांना वगळून मला नाही. आणि लाखेवरचा शिक्का बँकेचं सोनं पारखणाऱ्या सोनाराकडे, तो ते कंबरेला बांधून घरी नेतात. पुडी एकदा आत गेली की कर्ज फिटल्यावरच बाहेर."

"मग पितळ काय पायांनी चालत आत गेलं?"

कॅशिअरच्या बायकोनं चहाचे कप आणून ठेवले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सांगून टाका की एकदाचं. रात्रभर कूस बदलत होतात."

"काकू, रागावू नका." कॅशिअरनं मान खाली घातली. "सोनं तर रोजच यायचं. पण एखाद्या दिवशी पुडी आत ठेवली की साहेब तो पत्र्याचा डबाही उघडायचे. माझ्याकडे पाठ करून. काहीतरी करायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. मी कधी विचारलं नाही. त्यांना काय विचारायचं?"

थोरलीनं तोंडाला लावलेला कप तसाच खाली ठेवला. मुलाच्या लग्नात तिनं हट्टानं आपला हार मागितला होता. साहेबांनी हो-नाही करत दिलाच नाही. ती आठ दिवस अबोल राहिली, आणि थोरली आठ दिवस अबोल राहिली होती ही गोष्ट गावात अजून सांगतात.

काय होतं त्या डब्यात, जे बायकोलाही दाखवायचं नव्हतं?

३

"आता कुठं?" सुनेनं रस्त्यात विचारलं.

"ज्यांचं सोनं गेलं त्यांच्याकडे. चोर सगळ्यांना दिसला, ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांना कुणी विचारलंय का?"

पितळ निघालेल्या पुड्यांत एक शिंपिणीची होती, हे कॅशिअरनं निघताना कानात सांगितलं होतं. नवरा टाकून गेल्यावर तिनं बांगड्या गहाण ठेवून शिलाई मशीन घेतलं, मग दुसरं घेतलं, आणि आता तिच्या हाताखाली चार बायका होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"तुझ्या बांगड्या कुठल्या ग?"

"आजीच्या, थोरल्या बाई. तिनं मरताना माझ्या मनगटात घातल्या. नवऱ्यानं घर धुऊन नेलं, पण त्या मी पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या म्हणून राहिल्या." तिचा चेहरा फुलला. "त्या होत्या म्हणून मी आज उभी आहे. सोनं पाठीशी असलं की बाई वाकत नाही बघा. एवढा एक हप्ता राहिलाय, मग घालणार त्या हातात." आणि एकदम तिचा आवाज खाली आला. "माझ्या पुडीत तर नाही ना काही...?"

पुड्या कुणाच्या ते तपासणिसानं गावात अजून फोडलं नव्हतं. सुनेनं सासूकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "मी विचारतेय ते सांग. गहाण ठेवलंस त्या दिवशी काय काय झालं? पुढचं मागचं काही गाळू नको."

"काय होणार? साहेबांनी बसायला सांगितलं, स्वतः उभे. सोनारदादांनी कसोटीच्या दगडावर बांगडी घासली, वरून थेंब टाकला, बघितलं आणि दगड पालथा ठेवला. साहेब म्हणाले, 'झालं, मिळेल कर्ज.' मग पुडी केली. चिंधी ज्याची त्यानं घरून आणायची, गाठही ज्याची त्यानं मारायची. सोडवताना आपली गाठ आपल्याला ओळखू येते ना. माझी चिंधी लांबलचक होती, माझ्याच निळ्या झग्याची. उरलेलं टोक साहेबांनी फाडून घेतलं आणि खिशात टाकलं. मग सोनारदादांनी लाख ओतली."

"टोक खिशात कशाला?"

"कचरा नको म्हणून असेल. त्यांचा स्वभाव तसाच."

बाहेर आल्यावर थोरलीनं चालता चालता चहाच्या टपरीवालीला गाठलं. तिच्याही बाळ्या बँकेत होत्या, आणि त्या तपासणीत खऱ्या निघाल्या होत्या, हेही कॅशिअरनंच सांगितलं होतं.

"दगड?" टपरीवाली म्हणाली. "घासला आणि मला दाखवला की! पिवळी रेघ चमचमत होती. 'बघ,' म्हणाले, 'अस्सल आहे.'"

"आणि चिंधीचं टोक?"

"कसलं टोक? आहे तेवढी बांधली."

थोरली रस्त्याच्या मधोमध थांबली. मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, ती हलली नाही.

"सूनबाई, अस्सल सोन्याचा दगड उताणा आणि पितळेचा पालथा. म्हणजे रेघ खोटी आहे हे पहिल्याच दिवशी कुणाला माहीत होतं?"

"सोनारकाकांना," सून हळूच म्हणाली.

४

सोनार साहेबांचा जिवलग. थोरलीला वहिनी म्हणायचा, तिच्या शिव्या प्रसादासारख्या घ्यायचा. आज ती दुकानात शिरली तेव्हा तो दिवसाढवळ्या फळ्या लावत होता.

"कुठं पळताय, भावजी?"

"पळतो कसला, वहिनी. गिऱ्हाईकच नाही. गावाला वाटतं मी सोनं गिळलं."

"आणि नाही गिळलं?"

त्यानं हातातली फळी खाली ठेवली.

"पितळ बघून तुम्ही दगड पालथा ठेवलात," थोरली कडाडली. "समोरच्या बाईला रेघ दिसू नये म्हणून. आणि पितळेला सोनं म्हणून लाख ओतलीत. बोला, किती मिळायचे एका पुडीमागं? ह्यांच्या भरवशाच्या आडून खेळ केलात! हे बिचारे मान डोलवत राहिले, आणि आता मेलेल्या माणसाचं नाव घेऊन रांग ओरडतेय!"

सोनाराच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि थोरलीला त्याचाच जास्त राग आला. चोरानं रडू नये, त्यानं फक्त पकडलं जावं.

"दगड मी पालथा ठेवला," शेवटी तो म्हणाला. "खरं आहे."

"कुणासाठी?"

"वहिनी, ते माझ्या तोंडून निघणार नाही. जेलात घाला."

"मग उद्या या बँकेत. तिथंच घालते."

घरी येताना सून म्हणाली, "आई, एक विचारू? सोनारकाकांनी पितळेला सोनं म्हटलं, तर पैसे बायकांना मिळाले. सगळ्यांचे हप्ते वेळेवर येतात, तपासणीस सांगत होती. मग ह्यात काकांनी खाल्लं काय?"

रात्रभर थोरलीच्या डोळ्यांपुढं पाठ केलेले साहेब आणि तो उघडा डबा येत राहिला.

५

सकाळी दोन्ही किल्ल्या फिरल्या. कॅशिअरनं डबा टेबलावर आणून ठेवला. थोरलीनं नवऱ्याच्या जुडग्यातली बारकी किल्ली काढली. सोनार भिंतीशी उभा होता. खाली रांग कालच्याहून लांब झाली होती.

झाकण उघडलं आणि खोली पिवळी झाली. पाटल्या, गोठ, अंगठ्या, साखळी आणि तळाशी पदकाचा भला मोठा हार. बहुतेक दागिन्यांना चिंधी बांधलेली होती. एक निळी, एक फुलाफुलांची, एक मळकी चौकड्यांची.

"गहाण पुडीसारख्याच चिंध्या," तपासणीस सावकाश म्हणाली. "जितक्या पुड्यांत पितळ, तितकेच चिंधी बांधलेले दागिने. थोरल्या बाई, मला हे बोलायला बरं वाटत नाही. पण बाहेरच्या पुड्यांतलं सोनं इथं आलेलं दिसतंय."

"जीभ आवर! हे माझं आहे. माझ्या बापानं मला सोन्यानं मढवून सासरी पाठवलं, सगळ्या गावानं बघितलंय. बँक काढताना जामीन लागला तेव्हा मीच हे काढून दिलं होतं ह्यांच्या हाती."

"ओळखीची खूण काही?"

"खूण? हाराच्या पदकाचा कोपरा चेपलेला आहे. लग्नाआधी हे मला पसंत नव्हते, म्हणून रागानं मी तो हार उंबऱ्यावर आपटला होता. बापानं चार दिवस मला जेवायला बोलावलं नाही. बघ, उजवा कोपरा."

तपासणिसानं पदक उजेडात धरलं. फिरवलं. थोरलीपुढं ठेवलं.

कोपरा साफ होता. चारही कोपरे साफ.

थोरलीनं हार हातात घेतला, आणि तिचं मनगट खाली गेलं. तिच्या आठवणीतल्या हारापेक्षा हा जड होता. खूपच जड. नक्षी तीच, साखळी तीच, पण हा तिचा हार नव्हता.

"म्हणजे हे तुमचं नाही," तपासणीस म्हणाली.

थोरलीनं स्वतःच्याच हातानं नवऱ्याच्या गळ्यात दोर अडकवला होता.

६

"थांबा!" सोनार पुढं आला. "हे वहिनींचंच आहे. साहेबांनी माझ्याकडून शपथ घेतली होती. पण ते असते तर आज त्यांनीच मला मोकळं केलं असतं."

त्यानं खिशातून रुमालाची गुंडाळी काढली आणि सोडली. आत दुसरा हार होता. तोच घाट, तीच नक्षी, आणि पदकाचा उजवा कोपरा चेपलेला. चेपल्या जागी पिवळा मुलामा उडाला होता, खालून तांबूस पितळ दिसत होतं.

"वहिनी, जामिनाला तुम्ही दागिने दिलेत, तेव्हा कसोटी मीच लावली. एक-एक करून सगळे खोटे. तुमच्या वडिलांना ठाऊक होतं, का त्यांनाही कुणी फसवलं होतं, देव जाणे. मी साहेबांना म्हटलं, घरी सांगा. ते म्हणाले, 'तिचा बाप तिच्या मनात सोन्याचा आहे. तो पितळेचा करायचा मला काय अधिकार?' जामिनाला त्यांनी आपली वडिलोपार्जित जमीन ठेवली. आणि मग दर पगाराला चिमूटभर सोनं. माझ्याकडून एकेक दागिना हुबेहूब घडवून घेतला. पण कोपरा चेपायचं राहिलं. त्याची मला ऐट होती, काम सुबक झालं म्हणून."

थोरलीला टाके घातलेल्या चपला दिसल्या. ठिगळाची छत्री दिसली. सायकल विकून पायी येणारे साहेब दिसले, आणि दारात उभं राहून 'चिक्कू' म्हणणारी स्वतः दिसली. ते ऐकून ते नुसतं हसायचे. तिनं हार टेबलावर ठेवला. देवघरात काही ठेवावं तसा.

"पण मग चिंध्या?" तपासणिसानं विचारलं. तिचा आवाज आता तपासणीचा राहिला नव्हता.

थोरलीनं डोळे पुसले नाहीत. पण डोकं चालायला लागलं होतं, आणि तिचं डोकं एकदा चालायला लागलं की रडण्यासाठी थांबत नसे.

"ती फोडलेली निळी पुडी आण. शिंपिणीची."

तिनं पुडीची चिंधी आणि पाटलीची चिंधी शेजारी शेजारी ठेवली. फाटलेली कड कडेला अशी बसली, जशी दोन तळव्यांची बोटं एकमेकांत बसतात.

"एकाच चिंधीचे दोन तुकडे. शिंपीण म्हणाली, उरलेलं टोक साहेबांनी खिशात टाकलं. ते टोक इथं आलं."

"पण ते नंतर कधीही बांधता येईल," तपासणीस म्हणाली आणि पुडीवर वाकली. "नाही. नाही येणार. फाटलेल्या कडेचा एक कोपरा लाखेच्या खाली आहे. लाख त्या फाटक्या कडेवर ओतलीय. म्हणजे टोक फाडलं ते पुडी बंद होण्याआधी. त्याच दिवशी, त्याच बैठकीत."

"आणि चोर आपला माल असा पुराव्याला बांधून ठेवत नाही," थोरली म्हणाली. "पितळ पहिल्या दिवसापासून पितळच होतं, बाई. कुणी अदलाबदल केलीच नाही. भावजींनी दगड पालथा ठेवला की ह्यांना कळायचं, समोरच्या बाईचं सोनं खोटं आहे आणि तिला ते ठाऊक नाही. तिला सांगितलं तर ती कोसळणार. कर्ज दिलं तर बँक बुडणार. मग हा माणूस काय करायचा? एका पितळेच्या पुडीमागं आपला एक सोन्याचा दागिना डब्यात बांधून ठेवायचा. तिनं पैसे बुडवले असते, तर आपला दागिना बँकेला दिला असता. म्हणून पोराच्या लग्नाला मला हार मिळाला नाही. त्या वेळी तो कुणाच्या तरी नावानं बांधलेला असेल. भावजी, खरं ना?"

"पाववाल्याच्या विधवेच्या नावानं," सोनार म्हणाला. "तिचं फिटलं, तेव्हा चिंधी सोडली."

तपासणिसानं दागिने तोलायला सांगितले. चिंधी बांधलेला प्रत्येक दागिना त्याच्या पुडीवरच्या कर्जाला पुरून उरत होता. एकही कमी नाही. कॅशिअर खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. पाठ करून उभे राहणारे साहेब त्याला आज समोरून दिसले होते.

एवढ्याशा पत्र्याच्या डब्यात एका माणसाचा अख्खा जन्म, आणि एकेका चिंधीमागं एकेक उभं घर. थोरली चाळीस वर्षं ह्या माणसाच्या ताटात वाढत आली होती, आणि आज तिला कळलं की तो किती उंच होता ते तिनं कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

७

"बँकेचं तारण पूर्ण आहे, असं मी लिहीन," तपासणीस म्हणाली. "मात्र हे सोनं आता तुमचं आहे. तुम्ही ते तारण म्हणून राहू द्यायला हवं."

"राहू दे."

"आणि पितळावर कर्ज दिलं हा नियमभंग. तो लिहावा लागेल."

"लिही की. ठळक लिही. ह्यांनी नियम मोडला, हे मला सुनेकडून वाचून घ्यायचंय."

"पण थोरल्या बाई, खाली लोक विचारणार, पितळ कुणाचं? दूधवाल्यापर्यंत बातमी गेलीय. पितळ नव्हतंच असं मी सांगू शकत नाही. नावं सांगितली नाहीत तरी लोक एकेकीच्या दारात जाऊन विचारतील. संध्याकाळपर्यंत फुटेल."

थोरलीला शिंपिणीचा फुललेला चेहरा आठवला. *सोनं पाठीशी असलं की बाई वाकत नाही.* आणि तिचा स्वतःचा घटकाभरापूर्वीचा हात आठवला, जड हाराखाली वाकलेला. पायाखालची जमीन जाते म्हणजे काय होतं, ते तिला आता कुणी सांगायला नको होतं.

तिनं सोनाराच्या रुमालातला चेपका हार उचलला आणि गळ्यात घातला.

"आई, काय करताय?" सून पुढं झाली.

"दार उघड."

पायऱ्यांवर थोरली दिसताच रांगेतला गलका वाढला. पुढं कालचाच ओरडणारा होता, हार्डवेअरवाला. "काय थोरल्या बाई! चोर आणून देणार होतात म्हणे. मिळाला का?"

"चोर नाही. पितळ मिळालं."

रांग पुढं सरकली.

"हे बघा." तिनं पदक वर धरलं, चेपका कोपरा लोकांकडे करून. "माझ्या बापानं दिलेला हार. चाळीस वर्षं तुम्हाला ऐकवलं ना मी, बापानं सोन्यानं मढवलं म्हणून? पितळ आहे. सगळंच पितळ. तिजोरीत ठेवलं होतं, तेच निघालं तपासणीला. साहेबांना माहीत होतं, पण बायकोच्या तोंडाला घाबरून बोलले नाहीत. ह्यात तुमचा एक पैसाही गेलेला नाही. विचारा हिला."

तपासणीस दारात उभी होती. तिचा आवाज स्पष्ट निघाला. "बँकेचं तारण पूर्ण आहे. एक गुंजही कमी नाही."

मग हार्डवेअरवाला फिस्सकन हसला. मागचा हसला. कुणीतरी म्हणालं, "थोरलीचं पितळ उघडं पडलं रे!" आणि हशाची लाट रांगेच्या टोकापर्यंत गेली. जन्मात कुणी तिच्यावर असं हसलं नव्हतं, हसायची छाती कुणाला नव्हती. तिची कानशिलं तापली. जिभेवर दहा उत्तरं आली, एकाहून एक धारदार. तिनं सगळी गिळली आणि ताठ उभी राहिली.

हसता हसता रांग सैल झाली. ज्याला कामावर जायचं होतं तो कामावर गेला, ज्याला पैसे काढायचे होते त्याला वाटलं, उद्या बघू.

गर्दीतून शिंपीण धावत पायऱ्या चढली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "थोरल्या बाई, हसतात मेले! पण... माझ्या बांगड्या?"

"तू दिल्यास तशाच आहेत. जागच्या हलल्या नाहीत." थोरलीनं तिचा हात घट्ट धरला. "रडतेस काय? शेवटचा हप्ता आणलास का?"

"आणलाय."

"मग आत जा, भर, आणि तुझ्या आजीच्या बांगड्या हातात घालून सगळ्यांच्या देखत बाहेर ये. चांगली ताठ मानेनं ये. मी इथंच उभी आहे."